घरच्या व्हिडिओची डीव्हीडी कॉम्प्युटरवर चालते, प्लेअरवर नाही: काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

ओळखीच्या लोकांच्या घरच्या चित्रणाच्या डीव्हीडी मी बरीच वर्षं करून देतो. त्याहून जास्त वेळ जातो तो त्यांनी स्वतः बर्न केलेल्या, पण न चाललेल्या डिस्क पाहण्यात. बहुतेक वेळा दोष डिस्ककडे किंवा ड्राइव्हकडे दिला जातो, नवी डिस्क घेतली जाते, तीही वाया जाते, आणि मग 'आता डीव्हीडीचे दिवस गेले' म्हणून चित्रण तसंच पडून राहतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण माझ्या हाती आलेल्या डिस्कपैकी बऱ्याच डिस्कमध्ये बिघाड बर्न करण्याच्या आधीच झालेला होता. तो शोधायला एक पैसाही लागत नाही.

डीव्हीडी करणं हे एक काम नाही, तीन कामं आहेत. आधी व्हिडिओचं रूपांतर, म्हणजे तो डीव्हीडीला समजणाऱ्या साच्यात आणणं. मग मांडणी, म्हणजे मेनू, प्रकरणं आणि ठरलेली फोल्डर-रचना तयार करणं. शेवटी बर्न. एकाच बटणात तिन्ही कामं करणारे प्रोग्राम सोयीचे असतात, पण काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते सांगत नाहीत. पुढची सगळी तपासणी या तीन कामांना वेगळं करण्यासाठीच आहे.

लक्षणं

आपली तक्रार यातली कुठली ते आधी नक्की करा आणि कागदावर लिहा. अडकत असेल तर कितव्या मिनिटाला, तेही लिहा. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

- प्लेअर डिस्क घेतो, थोडा वेळ फिरवतो आणि 'डिस्क नाही' किंवा 'अयोग्य डिस्क' असं दाखवतो. तीच डिस्क कॉम्प्युटरवर उघडते.
- चित्र दिसतं, आवाज नाही.
- आवाज सुरुवातीला ओठांशी जुळलेला असतो, नंतर हळूहळू सरकत जातो.
- चित्र अडकतं किंवा चौकोनी तुकड्यांत फुटतं: कधी ठरलेल्या जागी, कधी दरवेळी वेगळ्या जागी.
- हालचाल थरथरते, हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात.
- माणसं लांबुडकी किंवा बसकी दिसतात.
- फाइल छोटी असूनही प्रोग्राम 'जागा पुरत नाही' म्हणतो.
- बर्न मध्येच एरर देऊन थांबतं.

डिस्क उघडून आत काय आहे ते पाहा

अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच मिळतं. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घाला, प्ले करू नका, फोल्डरसारखी उघडा. आत 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर दिसायला हवं आणि त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइल. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज असतो, आयएफओमध्ये कुठून काय सुरू करायचं याची माहिती, आणि बीयूपी ही त्या माहितीची राखीव प्रत. शेजारी 'ऑडिओ_टीएस' हे रिकामं फोल्डर असलं तर घाबरू नका, ते रिकामंच असतं.

त्याऐवजी एमपी४, एव्हीआय किंवा एमओव्ही फाइल दिसली तर तुम्ही डेटा डिस्क केली आहे, व्हिडिओ डीव्हीडी नाही. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करावी तशी ती डिस्कवर गेली आहे. साध्या प्लेअरला फक्त एमपेग-२ साच्यातला व्हिडिओ आणि ती ठरलेली रचना कळते. यूएसबीची सोय असलेले काही नवे प्लेअर अशा फाइलही वाचतात. म्हणून एका घरी चालणारी डिस्क दुसऱ्या घरी चालत नाही आणि गोंधळ वाढतो.

विंडोजमध्ये ही चूक होणं अगदी साहजिक आहे. रिकामी डिस्क घातली की ते दोन पर्याय देतं: 'यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे' आणि 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत'. दुसरा पर्याय वाचून कुणालाही वाटेल की हीच प्लेअरवर चालणारी डिस्क. पण त्यानेही डेटा डिस्कच होते, रूपांतर काहीही होत नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांत डीव्हीडी मेकर नावाचा खरा प्रोग्राम यायचा. विंडोज ८ पासून तो काढून टाकला. मॅकवरचा आयडीव्हीडीही २०११ पासून नव्या मशीनसोबत येणं बंद झालं. त्यामुळे आज मांडणीसाठी वेगळा प्रोग्राम घ्यावाच लागतो. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आणखी एक. 'पण व्हीएलसीमध्ये चालते' हा पुरावा धरू नका. व्हीएलसी हा कॉम्प्युटरवर व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम जवळजवळ काहीही चालवतो, मोडकी रचनासुद्धा. त्यात डिस्क चालली म्हणजे एवढंच कळतं की चित्रण शाबूत आहे.

पुसा, फायनलाइझ झाली का पाहा, दुसऱ्या प्लेअरवर लावा

फोल्डर-रचना बरोबर असेल तर डिस्क मऊ, कोरड्या कापडाने पुसा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. डेटाची वाट गोल फिरत जाते. गोल पुसताना चरा पडला तर तो त्या वाटेच्या सोबतीने लांबवर जातो आणि प्लेअरला ती चूक भरून काढता येत नाही. आडवा चरा तो सहसा ओलांडतो.

मग फायनलाइझ. बर्न संपल्यावर डिस्क 'बंद' करावी लागते, तेव्हा तिच्यावर सुरुवातीची आणि शेवटाची खूण लिहिली जाते. ती नसेल तर ज्या ड्राइव्हने लिहिलं तोच वाचतो आणि बाकीचे 'डिस्क नाही' म्हणतात. प्रोग्राममध्ये 'पुढे आणखी भर घालता यावी' असा पर्याय चालू राहिला की हेच होतं. काही ड्राइव्ह-प्रोग्राम जोड्यांत अशी डिस्क नंतरही बंद करता येते, एकदा करून पाहा.

दुसरा प्लेअर मिळाला तर त्यावर लावाच. एकावर चालली आणि एकावर नाही, तर दोष डिस्कच्या प्रकारात किंवा त्या प्लेअरच्या लेन्समध्ये शोधायचा. कुठेच चालली नाही तर बर्नमध्ये किंवा त्याआधी. डिस्क आरडब्ल्यू प्रकारची, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी असेल, तर तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि जुने प्लेअर ती ओळखतही नाहीत. आरडब्ल्यू डिस्क चाचणीसाठी उत्तम; कुणाला द्यायची प्रत मात्र डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर वर करा. फार जुन्या प्लेअरसाठी मी डीव्हीडी-आर निवडतो. तो प्रकार १९९७ चा, तर प्लस आर २००२ चा, त्यामुळे त्या काळातल्या प्लेअरना डीव्हीडी-आर जास्त ओळखीचा असतो. प्लस आर डिस्कच वापरायची असेल तर बर्न करताना तिचा 'बुक टाइप', म्हणजे डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद, डीव्हीडी-रॉम असा बदलता येतो का ते पाहा. बरेच ड्राइव्ह ही सोय देतात, आणि मग प्लेअरला ती छापील डिस्कसारखी दिसते.

अडकते तर कुठे अडकते?

इथे थोडं थांबतो, कारण ही खूण वाचता आली की निम्मा खटाटोप वाचतो.

डिस्क खालच्या बाजूने दिव्याखाली धरा आणि हळूहळू तिरकी करा. एका कोनात जांभळट पृष्ठभागावर दोन छटा वेगळ्या दिसतात: मधल्या भोकाभोवतीचा लिहिलेला भाग आणि बाहेरचा कोरा भाग. दोघांमधली रेघ अगदी स्वच्छ असते. एकपदरी डीव्हीडी आतून सुरू होऊन बाहेर लिहिली जाते, त्यामुळे चित्रणाची सुरुवात भोकाजवळ आणि शेवट कडेजवळ. तुम्ही लिहून ठेवलेलं मिनिट आता डिस्कवर जवळपास कुठे येतं ते कळेल. त्या भागात बोटांचे ठसे, चरा, किंवा लिहिलेल्या भागात वेगळ्या छटेचं वर्तुळ दिसतंय का ते पाहा. असं वर्तुळ बऱ्याचदा लिहिताना वेग बदलल्याचं असतं आणि एरवी निरुपद्रवी असतं, पण अडकायची जागा नेमकी तीच असेल तर संशय घ्यायला हरकत नाही.

आता तीन शक्यता.

दरवेळी शेवटाकडे अडकत असेल तर बाहेरची कड. डिस्कच्या कडेला रंगाचा थर, म्हणजे ज्यावर लेसर लिहितो तो, सगळ्यात बेभरवशाचा असतो आणि पकडताना बोटंही तिथेच लागतात. डिस्क काठोकाठ भरू नका. ४.३८ जीबीपर्यंत जागा असली तरी (हा आकडा कुठून आला ते खाली) मी ४.२ च्या आसपास थांबतो. एवढ्या एका सवयीने शेवटाकडे अडकण्याच्या माझ्याकडच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर प्लेअर. लेन्सवर धूळ असेल किंवा लेसर थकला असेल. त्याच प्लेअरवर विकत आणलेली, छापील डीव्हीडी लावून पाहा. तीही अडखळली तर तुमच्या डिस्कचा काही दोष नाही.

ठरलेल्या जागी, पण तिथे नाच, धावपळ, पाणी, फटाके असं काही असेल तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा. चित्रात जितकी हालचाल जास्त तितका डेटा जास्त लागतो. डीव्हीडीच्या नियमांत चित्राला सेकंदाला कमाल ९.८ मेगाबिट चालतात, पण बर्न केलेल्या डिस्कवरून इतक्या वेगाने वाचताना साधे प्लेअर दमतात. कमाल मर्यादा ८ वर आणून पुन्हा रूपांतर करा. चित्रात फरक दिसणार नाही, अडकणं थांबेल.

जागेचं गणित मेगाबाइटात नाही, मिनिटांत

'माझी फाइल सातशे एमबीची आहे, मग डिस्क भरली कशी?' हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे की उत्तर पाठ आहे. रूपांतर होताना मूळ फाइलचा आकार मागे राहतो. नवी फाइल किती मोठी होणार ते ठरतं दोन गोष्टींवरून: चित्रण किती मिनिटांचं आहे आणि सेकंदाला किती बिट दिले.

डिस्कवर छापलेले ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे तेच ४.३८ दिसतात. कुणी काही चोरलेलं नाही. एका तासाला चित्राला सेकंदाला ८ मेगाबिट आरामात मिळतात. दोन तास बसवायचे तर पाचच्या आतबाहेर येतं, आणि घरच्या चित्रणाला ते पुरतं. तीन तासांना तीनच्या आसपास उरतात. हातात धरून हलत्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रणाची त्यात माती होते. व्यावसायिक चित्रण स्थिर आणि स्वच्छ असतं म्हणून ते कमी बिटांत निभावतं. घरच्या चित्रणात कॅमेरा सारखा हलतो, कमी उजेडामुळे बारीक दाणे येतात, आणि त्या दाण्यांवरच निम्मे बिट खर्ची पडतात. माझा स्पष्ट सल्ला: दीड-दोन तासांच्या वर गेलात की दोन डिस्क करा. दुहेरी थराच्या ८.५ जीबी डिस्कचा मोह टाळा. त्या जास्त वेळा फसतात आणि थर बदलताना प्लेअर क्षणभर थबकतो.

कॉम्प्युटरवरही जागा लागते. रूपांतरित फाइल, फोल्डर आणि आयएसओ प्रतिमा (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) मिळून पंधरा-वीस जीबी मोकळे ठेवा. आणि तात्पुरतं फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या बाहेरच्या डिस्कवर दिलं असेल, तर ती फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही ना ते पाहा. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीहून मोठी होऊच शकत नाही आणि आयएसओ नेमकी तिथे येऊन तुटते. प्रोग्राम मात्र 'लिहिताना चूक' एवढंच सांगतो.

रूपांतरातले बिघाड

आवाज सरकतो ही तक्रार मोबाइलच्या चित्रणात हमखास येते. मोबाइल सेकंदाला ठरलेल्या संख्येने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की तो फ्रेम कमी करतो, वाढला की वाढवतो. डीव्हीडीला मात्र कायम एकच वेग लागतो, २५ किंवा २९.९७. एका चित्रणात एक लहान मुलगी गाणं म्हणत टाळ्या वाजवत होती. पहिल्या मिनिटाला तळवे भिडत होते त्याच क्षणी आवाज येत होता. पंधराव्या मिनिटाला हात पुन्हा लांब गेल्यावर टाळी ऐकू यायची. आवाज असा हळूहळू सरकत असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच. उपाय: हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममध्ये फ्रेमचा वेग 'कॉन्स्टंट' करून आधी एक मधली फाइल काढा आणि मग ती डीव्हीडीच्या प्रोग्रामला द्या. आवाज अगदी पहिल्या सेकंदापासून ठरलेल्या अंतराने मागे असेल तर ही भानगड नाही. मग ध्वनीला तेवढा उशीर किंवा घाई देण्याची सोय प्रोग्राममध्ये शोधा.

आवाजच नाही? डीव्हीडीवरचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा लागतो, सीडीसारखा ४४.१ चालत नाही. आणि साचा एसी-३ किंवा पीसीएम असला म्हणजे कुठल्याही प्लेअरवर खात्री. मोबाइलच्या फाइलमधला एएसी डीव्हीडीत बसत नाही. प्रोग्राममध्ये 'आवाज आहे तसाच ठेवा' अशी खूण असेल तर ती काढा आणि एसी-३ निवडा.

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धतींत गोंधळू नका. पाल म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी म्हणजे ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. पाल भागातले बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्क चालवतात, उलट मात्र क्वचितच होतं. मोबाइलवर ३० फ्रेमने घेतलेलं चित्रण २५ मध्ये कोंबलं की चालणारी माणसं हलकेच झटके खातात. तुमचा प्लेअर दोन्ही चालवत असेल तर असं चित्रण एनटीएससीतच ठेवा. एकाच डिस्कवर दोन्ही पद्धती मिसळू नका.

कंगव्यासारखे दाते आणि थरथर ही टेपवरून उतरवलेल्या चित्रणाची खूण. टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, ओळी आड ओळी साठवलेली असते. कुठला अर्धा आधी दाखवायचा हे चुकलं की हालचाल एक पाऊल पुढे, एक मागे अशी दिसते. स्थिर दृश्य ठीक दिसतं, म्हणून हा दोष कॉम्प्युटरवर चटकन लक्षात येत नाही. टीव्हीवर कॅमेरा बाजूला फिरला की लगेच डोळ्यात भरतो. मिनी डीव्ही टेपमध्ये खालचा अर्धा आधी असतो. प्रोग्राममधला क्रम तसा लावा.

माणसं लांबुडकी दिसत असतील तर ४:३ आणि १६:९ यांची अदलाबदल झाली आहे, प्रोग्राममधली एक खूण बदलली की काम झालं. उभ्या व्हिडिओला दोन्ही बाजूंनी काळी पट्टी येणारच. ती घालवण्यासाठी ताणू नका.

कोणता प्रोग्राम

मी स्वतः डीव्हीडीस्टायलर वापरतो. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, मेनू करता येतो आणि बहुतेक साचे तो स्वतःच बदलून घेतो. मुख्य म्हणजे थेट डिस्कवर न जाता फोल्डर किंवा आयएसओ तयार करून थांबतो. लिनक्सवर डेवेडेही चांगला आहे, मेनूची हौस नसेल तर आणखी सोपा. आज्ञा टाइप करायची सवय असेल तर एफएफएमपेगमध्ये पाल किंवा एनटीएससी डीव्हीडीचं लक्ष्य नुसतं सांगितलं की आकार, साचा, आवाज सगळं तो नियमात बसवतो. पण तो फक्त रूपांतर करतो, मांडणीसाठी डीव्हीडीऑथरसारखं दुसरं साधन लागतं.

हँडब्रेकबद्दल एक गैरसमज फार आहे. तो डीव्हीडी करत नाही. डीव्हीडीवरून किंवा दुसऱ्या फाइलवरून एमपी४, एमकेव्ही काढतो. वर सांगितल्याप्रमाणे फ्रेमचा वेग नीट करायला तो उत्तम, पण त्यापुढे नाही.

बर्नसाठी विंडोजवर इमजीबर्न. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, तरी काम चोख करतो, आणि एरर लपवत नाही म्हणून मला तो आवडतो. बसवताना मात्र प्रत्येक पान वाचा आणि सोबत येऊ पाहणाऱ्या इतर प्रोग्रामच्या खुणा काढा. लिनक्सवर के-थ्री-बी किंवा ब्रासेरो.

पद्धत अशी ठेवा. मांडणीच्या प्रोग्राममधून फोल्डर काढा. ते फोल्डर व्हीएलसीमध्ये डिस्क म्हणून उघडा आणि सुरुवात, मध्य, शेवट पाहा, मेनूची बटणं दाबून पाहा. बिघाड इथेच दिसला तर डिस्क वाया घालवायचं कारण नाही, मागे जा. इथे सगळं ठीक असेल तर आयएसओ करून आरडब्ल्यू डिस्कवर बर्न करा आणि ती खऱ्या प्लेअरवर चालवा. तीही चालली की मग कायमची डिस्क. रचना बरोबर आणि बर्न चूक, की रचनाच चूक, हे असं दोन पायऱ्यांत वेगळं पडतं.

प्रोग्राम मधेच बंद पडत असेल तर फाइलचं आणि फोल्डरचं नाव बदला. काही जुने प्रोग्राम देवनागरी अक्षरांवर, चिन्हांवर किंवा फार लांब नावांवर अडखळतात. रोमन लिपीतलं, मोकळी जागा नसलेलं छोटं नाव द्या. एका दुपारची शोधाशोध मी एकदा फक्त नाव बदलून संपवली आहे.

डिस्क आणि ड्राइव्ह

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि तरी बर्न फसतंय, तर आता यंत्राकडे वळा.

वेग कमी करा, पण अगदी तळाला नेऊ नका. १६ एक्सच्या डिस्कवर (एक्स म्हणजे लिहिण्याच्या मूळ वेगाची पट) मी ८ एक्स वापरतो, फारच संशय असेल तर ४. आजच्या डिस्कचा रंगाचा थर फार संथ लिहिण्यासाठी बनलेला नसतो, त्यामुळे जितकं हळू तितकं चांगलं हे खरं नाही. ४ एक्सने पूर्ण डिस्कला साधारण चौदा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॉम्प्युटरवर दुसरं जड काम करू नका आणि बर्ननंतरची पडताळणी कधीही टाळू नका.

बाहेरून लावायचा सपाट ड्राइव्ह असेल तर हब काढा आणि थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात लावा. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही तोंडं लावा. वाचायला कमी वीज लागते, लिहायला जास्त. म्हणून वाचतो पण लिहीत नाही असा ड्राइव्ह बऱ्याचदा नुसता उपाशी असतो. कान देऊन ऐका: फिरण्याचा आवाज चढतो, मधेच पडतो, पुन्हा चढतो, असं होत असेल तर विजेचा किंवा डिस्क न ओळखल्याचा प्रश्न आहे.

'पॉवर कॅलिब्रेशन एरिया' असा एरर आला तर ड्राइव्हला त्या डिस्कसाठी लेसरची योग्य ताकद ठरवता आली नाही. आधी दुसऱ्या बनावटीची डिस्क लावा. वेष्टनावरचं नाव आणि खरा कारखाना वेगळा असू शकतो; इमजीबर्नमध्ये उजव्या बाजूला डिस्कच्या निर्मात्याचा सांकेतिक क्रमांक दिसतो. दोन नावांच्या डिस्कवर एकच क्रमांक दिसला तर तुम्ही तीच डिस्क पुन्हा घेतली आहे.

ड्राइव्ह सीडी वाचतो आणि डीव्हीडी वाचत नाही, असं झालं तर वेळ घालवू नका. सीडीला ७८० आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लेसर लागतो, दोन्ही वेगळे असतात, आणि एक आधी मरू शकतो. ड्राइव्ह बदला.

आणि डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. वजन एका बाजूला गेलं की वेगात फिरताना डिस्क थरथरते आणि कडेचा भाग वाचला जात नाही. डिस्कवर लिहायच्या पेनने नाव लिहा, तेही वरच्याच बाजूला.

इथे थांबा

काही ठिकाणी आणखी प्रयत्न करणं म्हणजे चित्रण गमावणं आहे. तिथे हात बाजूला घ्या.

जुन्या कॅमेऱ्यातली ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क कॉम्प्युटरला 'कोरी' दिसली आणि 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं, तर नाही म्हणा. ती बहुधा फायनलाइझ न झालेली आहे, चित्रण आत आहे. ज्या कॅमेऱ्याने घेतलं त्याच कॅमेऱ्यात ती बंद करता येते. कॅमेरा मेला असेल तर आयसोबस्टरसारखं साधन फक्त वाचून पाहतं, लिहीत नाही, तेवढा एक प्रयत्न करा. त्याने जमलं नाही तर डेटा परत मिळवणाऱ्या माणसाकडे द्या. ही छोटी डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये तर घालूच नका, अडकते.

टेपवर पांढरट बुरशी दिसली, टेप चिकटली किंवा कॅमेऱ्यात गुंतली, तर ती चालवू नका आणि ओढूही नका. बुरशीची टेप चालवली की पट्टीचा थर निघतो आणि हेडही खराब होतं, मग पुढच्या चांगल्या टेपलाही ते भोवतं. हे काम टेप साफ करून उतरवणाऱ्यांचं आहे.

प्लेअर किंवा ड्राइव्ह उघडून लेसर पुसण्याचा बेत करू नका. तो प्रकाश डोळ्यांना इजा करतो, आणि टीव्हीखालच्या प्लेअरच्या वीजभागात प्लग काढल्यावरही काही वेळ धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

जुनी डिस्क ही एकमेव प्रत असेल आणि ती वाचताना ड्राइव्ह पुन्हा पुन्हा अडखळत असेल, तर दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर एकेकदा प्रयत्न करून थांबा. डिस्क घासून चकचकीत करणारी लेपं लावू नका.

व्यावसायिकाकडे देताना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. मूळ टेप किंवा डिस्क, काम झालं असो वा नसो, परत हवी. आणि तयार डीव्हीडीसोबत उतरवलेली मूळ फाइलही हार्ड डिस्कवर हवी. डीव्हीडीचा एमपेग-२ आधीच दाबलेला असतो, त्यातून पुन्हा दुसरं काही काढलं की चित्र आणखी उतरतं. मिनी डीव्हीची मूळ फाइल तासाला सुमारे १३ जीबी होते, तेव्हा पुरेशी रिकामी हार्ड डिस्क सोबत घेऊनच जा.